डबीखालची गाठ

मी बोलतोय, पण आधी जरा नाकाला पदर लावा. माझ्या अंगाला अजून गुटख्याचा वास येतो. डेटॉलनं धुतलं, कढत पाण्यानं धुतलं, तरी माझ्यापुरता तो वास काही गेलेला नाही. यंत्राला कसला आलाय वास आणि कसली आलीय किळस, असं म्हणणारे म्हणोत. माझ्यात थुंकणाऱ्यालाही तसंच वाटलं होतं.

मी बायकांच्या स्तनातली गाठ शोधणारं यंत्र आहे. हा शब्द ऐकून कुणी इकडंतिकडं बघायला लागलं असेल, तर त्यानं खुशाल उठून जावं. असल्या लोकांचा मला आधीच वीट आलाय. दिसायला मी म्हणजे गादी घातलेला एक पलंग. त्याला वरच्या अंगाला एक भोक आणि भोकाखाली एक गुळगुळीत वाटी. बाईनं पालथं झोपायचं, आधी एक बाजू त्या वाटीत सोडायची, मग दुसरी, आणि थोडा वेळ न हलता पडून राहायचं. वाटीच्या भिंतीत बारीक अँटेना बसवलेल्या आहेत. त्यातून मी मायक्रोवेव्ह लहरी सोडतो. मोबाइलच्या लहरींच्या जातकुळीतल्याच, पण त्याहून हलक्या. चांगल्या मांसातून त्या एका तऱ्हेनं परत येतात आणि गाठीवरून वेगळ्या, कारण गाठीत पाणी जास्त असतं. तेवढा फरक मी पडद्यावर काढून दाखवतो. दाबणं नाही, चिमटणं नाही, एक्स-रे नाही.

मी काही सर्वज्ञ नाही. माझी जातच नवी, अजून हात बसायचाय. मी फक्त बोट दाखवणार, की इथं काहीतरी वेगळं आहे, पुढं जाऊन बघा. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईनं तुकडा काढून तपासणं, हे सगळं मोठ्या दवाखान्यात व्हायचं आणि शेवटचा शब्द त्यांचा. शिवाय माझी एक खोड आहे. जवळपास धातू असला की लहरी त्याच्यावर आपटतात आणि पडद्यावर नुसता पांढरा भडका उठतो. त्याच्या आड काय आहे ते मग धड कळत नाही.

माझी जुळणी झाली पुण्याकडच्या एका कारखान्यात. तिथं मला हात लावायच्या आधी माणसं हात धुवायची. वाटीवर साधी धूळ बसली तरी एक इंजिनीअर बाई मऊ फडकं घेऊन यायची. तेवढंच काय ते माझं सुखाचं बालपण.

पुढं परभणीत एका ट्रस्टनं मला घेतलं. ट्रस्टचे अध्यक्ष भगवानराव. त्यांनी मला एका व्हॅनमध्ये बसवलं आणि श्रावणात, आपल्या आईच्या पुण्यतिथीला, माझं उद्घाटन केलं. काय ते उद्घाटन! माझ्या कडेवर नारळ आपटला, त्याचं पाणी वाटीत गेलं. वाटीच्या आत बोट घालून कुंकू लावलं. मग भगवानराव माझ्या गादीवर मांडी ठोकून बसले आणि फोटो निघाले. त्यांची आई ह्याच दुखण्यानं गेली होती, हे मला मागाहून कळलं. बॅनरवर मात्र लिहिलं होतं 'दीर्घ आजाराने', आणि खाली 'महिला विशेष तपासणी'. कसली तपासणी ते वाचून कुणाच्या बापाला कळू नये अशी सगळी व्यवस्था.

"ह्याच्यात पापड भाजून निघंल का हो?" ड्रायव्हर बालाजीनं विचारलं आणि सगळे पोट धरून हसले. हसले नाहीत ती दोनच माणसं, मी आणि सुकेशनी. सुकेशनी म्हणजे मला चालवणारी टेक्निशियन. पुण्याला जाऊन माझं सगळं शिकून आलेली, बोलायला कमी, कामाला चोख.

त्याच महिन्यात पहिलं शिबिर बोरी गावात लागलं. शाळेच्या मैदानात व्हॅन उभी केली. बायका दोघीतिघी मिळून आल्या, एकमेकींना ढकलत, तोंडावर पदर ओढून. आत येताना पडदा होता, पण तो गुडघ्यापर्यंतच पोचायचा आणि कडेनं फटही राहायची. पडद्याला कापड कमी पडलं होतं, बॅनरला पडलं नव्हतं. आणि दाराशी कोण? भगवानरावांची माणसं! 'गर्दी आवरायला' म्हणून उभी. गर्दी बाजूलाच राहिली, ह्यांचे डोळे फटीला. आत कुणी बाई झोपली की बाहेर खोकायचे, हसायचे. अरे, तुम्हाला काय आया-बहिणी आभाळातून पडल्या होत्या का? मला असं वाटायचं की सगळ्या लहरी गोळा करून त्यांच्या थोबाडावर सोडाव्यात, पण माझ्या लहरींत तेवढाही दम नाही.

सुकेशनीनं अंगावरचे दागिने काढायला सांगितले तेव्हा पहिला घोळ मंगळसूत्रावर झाला. "आवं माय, नवरा जिता असताना गळा मोकळा करू व्हय?" एकीनं विचारलं. मग बायकांनीच वाट काढली. कुणीतरी दुकानातून काळ्या मण्यांची पोत आणली, साध्या दोऱ्यात ओवलेली. जिची पाळी तिनं ती गळ्यात घालायची आणि मंगळसूत्र जावेच्या ओटीत द्यायचं. गळाही मोकळा राहिला नाही आणि माझंही काम झालं. त्या दिवसात कौतुक करावं असं तेवढंच घडलं.

दुपारी नागुबाई आल्या. बोरीतले कल्याणराव वाणी, किराणा दुकानवाले, त्यांच्या ह्या मंडळी. सोबत सून धनश्री. नागुबाई सुनेला सोबत म्हणून आल्या होत्या, निदान त्यांनी सांगितलं तसं.

"मावशी, हाताला कुठं गाठ-बिठ लागती का?" सुकेशनीनं हळू विचारलं.

बाहेर कुणीतरी खाकरलं आणि फिदीफिदी हसलं. नागुबाईंचा चेहरा उतरला.

"न्हाई गं माय. काईच न्हाई."

साफ खोटं. डाव्या बाजूला हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ त्यांना उन्हाळ्यापासून लागत होती. नवऱ्याला सांगितली नव्हती, सुनेलाही नाही. सांगायला म्हणूनच आल्या होत्या, पण त्या खाकरण्यानं शब्द पोटातच राहिला.

मंगळसूत्र काढून त्यांनी पोत घातली. तरी गळ्यात आणखी एक दोरा होता आणि त्याला छातीशी टेकलेली चांदीची डबी. लिंगायत घरात इष्टलिंग अंगावर धारण करतात, त्याची ती डबी.

"मावशी, ही बी काढावी लागंल," सुकेशनी म्हणाली.

नागुबाईंनी डबी मुठीत धरली. "मंगळसूत्र काढलं बाई मी. हे न्हाई निघायचं. लहानपणी बांधलंय, तवापसून अंगावर हाय. लिंग अंगावेगळं झालं तर माझ्यात अन् मड्यात फरक काय?"

कुणाच्या देवाला हात कसा घालायचा? सुकेशनी डॉक्टरांना विचारायला गेली. ट्रस्टचे डॉक्टर बाहेर भगवानरावांच्या शेजारी भजी खात बसले होते. "असू द्या की," ते तिथूनच ओरडले, "पाठीवर सरकवा म्हणा अन् घ्या जल्दी. रांग लय हाय!"

नागुबाईंनी डबी पाठीवर सरकवली. त्या पालथ्या झोपल्या आणि डबी घसरून काखेखालून खाली आली, नेमकी डाव्या बाजूला, वाटीच्या काठाशी. मी लहरी सोडल्या आणि चांदीचा भडका उठला. पण भडक्याच्या कडेला एक ठिपका होता, लहानसा, वेगळाच. चांदी असले ठिपके काढत नाही. मी तो दाखवला. ह्याहून जास्त मी काय करू शकतो? मला तोंड नाही, पडदाच आहे.

डॉक्टर आले. भज्याचं तेलकट बोट त्यांनी सरळ माझ्या पडद्यावर टेकवलं. शी! तो डाग नंतर कितीतरी दिवस तिथंच होता. "चांदी हाय ती. नॉर्मल लिहा."

"सर, कडंला काहीतरी येगळं दिसायलंय. परत घेतलेलं बरं."

"पुढच्या बारीला घेऊ. ह्यांच्या धर्माचं असतंय, आपण कशाला मधी पडायचं?"

धर्माचं नाव घेतलं की काम टाळणं किती सोपं होतं बघा. धर्मात काय आहे ते त्या बाईला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. बाहेर भगवानराव माईकवर सांगत होते, "आपल्या बोरीत एक बी माय-माउली आजारी निघाली न्हाई!" अजून अर्धी रांग बाहेर उभी होती, तरी हे निकाल सांगून मोकळे.

नागुबाई पडद्याआडून बाहेर पडल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "नीट हाय म्हणले," त्यांनी सुनेला सांगितलं.

पुढची बारी काही आली नाही. व्हॅन मात्र रोज धावत होती. तिच्यातून मंडपाच्या कनाती गेल्या, खुर्च्या गेल्या, गणपतीत स्पीकर गेले. माझ्या गादीवर कांद्याची पोती टाकली. उंदरांनी माझी एक केबल कुरतडली. दुपारी बालाजी पोती सरकवून माझ्यावर ताणून द्यायचा, तोंडात गुटख्याची गुळणी धरून. एक दिवस त्याला उठायचा कंटाळा आला. त्यानं मान वळवली, खाली ते भोक दिसलं, भोकाखाली वाटी दिसली, आणि तो पचकन थुंकला. मला वाटलं, झोपेत झालं असेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच थुंकला. मग ती त्याची पिकदाणीच झाली.

ज्या वाटीत बायकांनी डोळे मिटून, लाज गिळून आपला जीव ठेवला होता, त्या वाटीत! मुंग्या आल्या, माशा आल्या, तळाला लाल चिखल वाळून त्याची खपली झाली. मला माणसांच्या तोंडांची शिसारी बसली. ह्याच तोंडांनी पापडाचे विनोद करायचे, ह्याच तोंडांनी माउली म्हणायचं आणि ह्याच तोंडांनी थुंकायचं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी व्हॅनचं दार उघडलं. सुकेशनी होती, आणि मागं धनश्री. आत पाऊल टाकताच दोघींनी नाकाला रुमाल लावला. सुकेशनीनं वाटीत बघितलं आणि दारातूनच बालाजीला हाक मारली.

"बालाजीभाऊ, हे काय हाय?"

"ताई, बंदच हुतं की ते मशीन. म्हणलं..."

"बंद हुतं म्हणून थुंकायचं? घरचं ताट रिकामं असलं की त्यात बी थुंकता काय?"

बालाजी मान खाली घालून निघून गेला. दोघी तिथंच पायरीवर बसल्या आणि धनश्रीनं जे सांगितलं ते मी ऐकलं. नागुबाई रोज सकाळी पूजेला बसायच्या, डावा हात पुढं करून. हल्ली तो हात फार वेळ पुढं धरवायचा नाही. पूजा आटोपती घ्यायच्या. धनश्रीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं त्यांनी हात धरून दाखवलं. हरभऱ्याची सुपारी झाली होती.

"नांदेडला चला म्हणलं तर मामंजी म्हणतेत, मशीननं नॉर्मल म्हणलंय, तुला मशीनपेक्षा जास्त कळायलंय का? आत्याबाई बी तेच धरून बसल्यात."

मी म्हणालो होतो? मी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझं नाव पुढं करून ही माणसं एका बाईला मरणाकडं ढकलत होती.

"गाठ हाताला लागायलीय तर मशीन कशाला पायजे, धनश्री? सरळ घेऊन जा मोठ्या दवाखान्यात."

"ऐकत असत्या तर तुमच्याकडं कामून आले असते ताई? मशीनचं म्हणणं आता मशीननंच मोडावं लागंल."

सुकेशनी उठली. खपली नखानं निघत नव्हती, तिनं ती गरम पाण्यात भिजवून काढली, पुन्हा पुन्हा धुतलं, जंतुनाशक लावलं, केबल बदलून घेतली, चाचणीसाठी माझ्यासोबत आलेला नकली स्तन वाटीत ठेवून मला तपासून पाहिलं. मग भगवानरावांना जाऊन म्हणाली, शिवरात्रीच्या आधी बोरीला शिबिर घेऊ, गर्दी होईल. गर्दी म्हटल्यावर भगवानरावांनी लगेच बॅनर छापायला टाकला.

ह्या खेपेला सुकेशनीनं घरून चादरी आणून पडदा जमिनीपर्यंत सोडला होता. नागुबाई आल्या. कल्याणरावही आले आणि पडद्याबाहेर उभे राहिले. डबीचा विषय निघताच त्यांचा आवाज चढला. "मशीनसाठी लिंग सोडायचं? असलं आमच्यात चालत न्हाई. राहू द्या तुमची तपासणी, चल गं घरी!"

नागुबाई जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात धनश्रीनं विचारलं, "आत्याबाई, पूजेच्या टायमाला लिंग कुठं असतंय?"

"कुठं म्हणजे? डबीतनं काढून तळहातावर घेतो की."

"मग तवा ते अंगावेगळं होतंय का?"

नागुबाईंनी आपल्या डाव्या तळहाताकडं बघितलं. "आवं," त्या पडद्याबाहेर नवऱ्याला म्हणाल्या, "तळहात काय माझ्या अंगाचा न्हाई? अर्धी जिंदगी रोज सकाळी करायलेय मी हे. मागल्या बारीला कुणी इचारलं बी न्हाई अन् मला बी सुचलं न्हाई."

त्यांनी डबी उघडली, काळंभोर इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि चांदीची डबी सुनेच्या हातात दिली. मग वाटीकडं एकदा नीट बघितलं, डोळे मिटले आणि पालथ्या झोपल्या. डावा हात डोक्याच्या पुढं, पलंगाबाहेर, तळहात वर. ओठांत जप चालू. हात दुखत असणार, पण अंगाची काडी हलली नाही. इतकी स्थिर बाई माझ्यावर आजवर झोपली नव्हती. पूजेत बसायची सवय.

ह्या वेळी भडका नव्हता. पडद्यावर गाठ लख्ख दिसत होती. सुकेशनीनं माझा पडदा नागुबाईंकडं वळवला.

"मागल्या बारीला बी हे हुतं का?" नागुबाईंनी विचारलं.

"हुतं मावशी. चांदीच्या आड हुतं. मी अडून बसायला पायजे हुतं, न्हाई बसले."

डॉक्टर आत डोकावले. माझा पडदा बघून त्यांचा चेहरा पडला, पण जीभ लगेच सावरली. "मशीन नवीन हाय, चुकतंय कधी कधी." चूक माझी! भज्याचं बोट त्यांचं आणि चूक माझी. कल्याणरावांनी मात्र पुढं काही ऐकून घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, "उद्याच निघू नांदेडला."

नांदेडला पुढच्या सगळ्या तपासण्या झाल्या. कॅन्सरच निघाला. आजार अजून बाहेर पसरला नव्हता, जीव वाचेल असं तिथले डॉक्टर म्हणाले. पण डावा स्तन काढावा लागला. श्रावणातच, गाठ हरभऱ्याएवढी असताना इथं आल्या असत्या, तर बहुतेक नुसती गाठ काढून भागलं असतं, असंही ते म्हणाले. धनश्रीनं हे सुकेशनीला सांगितलं तेव्हा सुकेशनी माझी वाटी पुसत होती. तिचा हात थांबला आणि मग ती रडली.

पुढं बोरीला पुन्हा शिबिर लागलं. बॅनरवर ह्या वेळी मोठ्या अक्षरांत 'आमच्या यंत्राने वाचवले प्राण'. भगवानराव दोन हार घेऊन आले, एक मला आणि एक नागुबाईंना. नागुबाईंच्या डोक्याला रुमाल बांधलेला, औषधांनी केस गेलेले. गळ्यात डबी होतीच. ती आता सपाट जागेवर टेकलेली होती.

"मावशी, असं मशीनजवळ या. फोटू घेऊ."

"फोटू राहू द्या. आधी मला सांगा, ह्या वाटीत कोण थुंकायचं?"

बालाजी चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागला.

"कोण थुंकंल मावशी, काईतरीच तुमचं," भगवानराव हसून म्हणाले.

"सुनेनं डोळ्यानं बघितलंय. मला मालूम असून मी त्या वाटीत झोपले, जिवासाठी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमची माय बी ह्याच रोगानं गेली ना, भगवानराव? मग लिवा की बॅनरवर. अन् ही दाराशी खाकरणारी माणसं हाकला. म्हणावं, घरी जावा अन् आपल्या बायका धाडून द्या."

भगवानरावांनी दोन्ही हार खाली ठेवले. माणसं एकेक करून पांगली. नागुबाई व्हॅनच्या पायरीवर बसल्या आणि आजतागायत, बोरीला मी गेलो की, त्या तिथंच बसतात.

मी आता जुना दिसायला लागलोय. गादी फाटलीय, पडद्यावर ओरखडे आहेत. माझं कौतुक करू नका, मी उशिरा कामाला आलो, माझ्या चुकीनं नसलं तरी उशिराच. हार तर अजिबात नको, त्याच्या तारेनं मला दिसत नाही. दाराला पुरेसं कापड लावा, मला हात लावताना हात धुवा, आणि थुंकायचं असेल तर आपल्या घरी थुंका. एवढं तरी माणसासारखं वागा. हाताला गाठ लागली तर माझी वाट बघत बसू नका, आणि मी काही दाखवलं तर ते डोळे उघडून बघा.

हार आणले होते त्याच दिवशी, शेवटी एक तरणी बाई आली. तिच्याही गळ्यात डबी होती, आणि डबी मुठीत धरून ती पायरीशीच अडून उभी राहिली.

"डबी माझ्यापाशी दे," नागुबाई म्हणाल्या, "अन् लिंग तळहातावर घे, पूजेवाणी."

"काकू, काही निघालं तर?"

नागुबाईंनी आपल्या डबीवर हात ठेवला. "निघालं तर निघू दे गं. माझं बी निघालंच हुतं की. बघितलं न्हाई कुणी."

बाई आत आली, डोळे मिटून पालथी झोपली, आणि मी लहरी सोडल्या.